एमबीवरची सही आणि एपिक्टेटस

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या एका बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता आहे. वय ३९. एका वस्तीवरच्या सिमेंट काँक्रीट रस्त्याचं काम माझ्याकडे आहे. अंदाजपत्रकात जाडी १५ सेंटीमीटर आहे. प्रत्यक्ष मोजली तर कुठे १०, कुठे ११. मापं एमबीत, म्हणजे मेजरमेंट बुक या मोजमाप वहीत, माझ्या सहीने चढतात. मार्चएंड तोंडावर आलाय. डेप्युटी साहेब (माझे उपअभियंता) म्हणतात, "एमबीत १५ लिही आणि बिल वर पाठव. मागच्या वर्षी लिहिलंस तेव्हा आभाळ कोसळलं का?" खरं आहे, मागच्या मार्चला मी एकदा लिहिलं होतं. नाही म्हटलं तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली, हे त्यांनी न सांगता सांगितलं आहे. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, ते इथल्याच रुग्णालयात. बायकोला यातलं काहीच माहीत नाही.

वर्षभर मी स्टोइक लोकांचं, म्हणजे एपिक्टेटससारख्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचं, वाचतोय. त्यातून एवढं समजलं की आपल्या हातात फक्त आपलं मन. बाकी सगळं बाहेरचं, आणि बाहेरचं ना चांगलं ना वाईट. मग रस्ता बाहेरचा, पैसा बाहेरचा, साहेब बाहेरचे. सही म्हणजे तरी काय, कागदावरची शाई. ती करून मी मनाने अलिप्त राहिलो तर माझं काय बिघडलं? की माझं कुठे चुकतंय? शिवाय साहेबांचा आणि ठेकेदाराचा इतका संताप येतो की रात्र रात्र झोप लागत नाही. त्यावर उपाय सांगा. झोपताना वाचायला एखादं पुस्तकही सुचवा.

– एक वाचक

*

नमस्कार.

तुमचा हिशेब जवळजवळ बरोबर आहे, फक्त एक रक्कम भलत्याच रकान्यात पडली आहे. रस्ता बाहेरचा, कबूल. निधी बाहेरचा, साहेब बाहेरचे, बदलीचा आदेश तर पूर्णच बाहेरचा. सही मात्र बाहेरची नाही. या सगळ्या प्रकरणात तेवढी एकच गोष्ट तुमच्याशिवाय होऊ शकत नाही. म्हणून तर साहेबांना ती तुमच्याकडे मागावी लागते. शाई बाहेरची असेल, पण "मी मोजलं आणि १५ भरलं" हे म्हणणारे तुम्ही आहात.

मनाने अलिप्त राहून सही करायची, ही युक्ती स्टोइकांच्या घरची नाही. साक्षीभाव आपल्याकडचा. तो त्याच्या जागी ठीक, पण इथे तुम्ही तो उसना आणलाय. स्टोइकांच्या हिशेबी मन म्हणजे आत कोपऱ्यात बसून गंमत बघणारं कोणी नव्हे. समोर आलेल्या गोष्टीला हो म्हणणारं, नाही म्हणणारं आणि त्याप्रमाणे हात हलवणारं जे काही आहे, ते मन. हाताने १५ लिहिलं म्हणजे मनानेच लिहिलं. दोघांना वेगळं काढायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

ज्या माणसाच्या वचनांवर तुम्ही वर्ष काढलंत त्याची थोडी ओळख करून देते, कारण मोबाइलवर वचन येतं, पण माणूस येत नाही. एपिक्टेटसचा जन्म इसवी सन ५० च्या आसपास हिएरापोलिसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. तो गुलाम होता. त्याचा मालक नीरो बादशहाच्या दरबारात सचिव. एपिक्टेटस एका पायाने अधू होता. पुढे मोकळा झाला, रोममध्ये शिकवू लागला आणि डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातली बोलणी टिपून ठेवली. त्याचे आठ भाग होते म्हणतात, चार उरले. "चांगलं आणि वाईट फक्त आपल्या निवडीत असतं" हे वाक्य अशा माणसाचं आहे, ज्याचं शरीरसुद्धा एकेकाळी दुसऱ्याच्या मालमत्तेत मोजलं जात होतं. म्हणून ते वाक्य सोयीचं करून घेताना जरा लाज वाटायला हवी.

बाहेरच्या गोष्टी चांगल्याही नाहीत आणि वाईटही नाहीत, हे तो म्हणतो खरं. पण त्याच दमात पुढे म्हणतो की त्या वस्तूंचा वापर आपण कसा करतो, ते मात्र चांगलं किंवा वाईट असतंच. तो फाशांचं उदाहरण देतो. फासा कुठला पडेल ते खेळणाऱ्याच्या हातात नाही. पडलेलं दान नीट खेळणं हे त्याचं काम. तुमच्या पुढ्यात पडलेलं दान आहे ११ सेंटीमीटर. ते तसं पडलं याला तुम्ही जबाबदार नाही. (साईटवर काँक्रीट पडत होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात, हे मी विचारत नाही. ते तुमचं तुम्हाला ठाऊक.) ते १५ म्हणून खेळायचं की ११ म्हणून, एवढंच तुमच्याकडे आलंय.

आता रोममधल्या एका सहीची गोष्ट सांगते. सही म्हणण्यापेक्षा मसुदा म्हणा. सन ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईचा, अग्रिपिनाचा खून करवला. मग सिनेटला, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेला, कळवायचं काय? एक पत्र गेलं. तिनेच नीरोच्या जिवावर उठण्याचा कट केला होता, वगैरे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार नोंदवतो की लोकांनी दोष नीरोला कमी आणि सेनेकाला जास्त दिला, कारण ते पत्र सेनेकाने लिहिलेलं होतं. हाच तो स्टोइक सेनेका, नीरोचा सल्लागार, रागावर आणि मनःशांतीवर इतकं सुंदर लिहिणारा. त्याच्या गद्याची मी चाहती आहे, पण त्या पत्राचं समर्थन मला आजवर जमलेलं नाही. तोही मनातून अलिप्तच असेल. पत्र मात्र त्याच्या हातचं होतं.

त्याच दिवशी सिनेटमध्ये थ्रासिया नावाचा सदस्य बसला होता. बाकीचे नीरोच्या सुटकेबद्दल आभाराचे ठराव मांडत होते. हा उठला आणि बाहेर निघून गेला. भाषण नाही, आरडाओरडा नाही. पुढे ६६ साली त्याला मृत्यूची शिक्षा झाली. त्याच खटल्यात त्याचा जावई हेल्व्हिडियस प्रिस्कस आणि अग्रिपिनस नावाचा आणखी एक जण हद्दपार झाले. एपिक्टेटस आपल्या वर्गात वारंवार नावं घेतो ती या मंडळींची.

अग्रिपिनसची एक आठवण तो सांगतो. नीरोच्या नाटकी सोहळ्यात जाऊन एखादी भूमिका करावी की नाही, या विवंचनेत फ्लोरस म्हणून एक गृहस्थ होता. त्याने अग्रिपिनसला विचारलं. तो म्हणाला, "जा." "मग तू का जात नाहीस?" "मला तो प्रश्नच पडत नाही." एपिक्टेटस यावर म्हणतो की जो एकदा बसून तोलायला लागला, एका पारड्यात शीर आणि दुसऱ्यात भूमिका, तो आपण कोण हे विसरण्याच्या बेतात आलेला असतो. तुमचं पत्र मी वाचलं तेव्हा मला फ्लोरस दिसला. राग मानू नका, फ्लोरस वाईट माणूस नव्हता. आपल्यातले बहुतेक जण फ्लोरसच असतात.

हे उदाहरण फार थोर वाटत असेल तर त्याच प्रवचनातलं दुसरं घ्या, ते अगदी साधं आहे. मालकाला लघवीला लागली की त्याच्यासमोर भांडं धरायचं काम गुलामाचं. एकाला वाटतं, नाही धरलं तर मार बसेल आणि जेवण बंद होईल, तेव्हा धरावं. दुसऱ्याला तो विचारही सहन होत नाही. धरू की नको, असं कोणी एपिक्टेटसला विचारलं तर तो म्हणतो, जेवण मिळणं न मिळण्यापेक्षा बरं आणि मार न खाणं खाण्यापेक्षा बरं, यावरच मोजायचं असेल तर जा, धर. "पण ते मला शोभत नाही." मग ते हिशेबात तू घालायचंस, मी नाही. स्वतःला किती किमतीला विकायचं ते तुला ठाऊक, प्रत्येकाचा भाव वेगळा.

हे त्याने झटकून टाकण्यासाठी म्हटलेलं नाही. गुलामीतून आलेला माणूस भांडं धरणाऱ्याला तुच्छ लेखत नाही, एवढं मला त्यात दिसतं. मीही तुम्हाला तुच्छ लेखणार नाही. माझ्या घरी कोणाचं डायलिसिस नाही आणि माझ्या पेन्शनला कोणी हात लावू शकत नाही. खुर्चीत बसून धाडस शिकवणं सोपं आहे. पण तुम्ही मत विचारलंत, तर माझं मत आहे की १५ लिहू नका.

चौकशी लागली तर एमबीवर सही तुमची असेल, साहेब नामानिराळे राहतील, हे कारण मी देऊ शकले असते. कार्यालयातल्या जुन्या लिपिकाने तेच दिलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण त्या कारणाने तुम्ही थांबलात तर पुढच्या वेळी कोणी चौकशी न होण्याची हमी दिली की लिहाल. कारण असं हवं की जे हमी मिळाल्यावरही टिकेल.

तुम्ही एकट्याने नाही लिहिलं म्हणून फरक काय पडणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण रात्री तो येत असणार. हा प्रश्न त्या काळीही होता. थ्रासियाबद्दल खुद्द टॅसिटस म्हणतो की त्याने स्वतःवर संकट ओढवून घेतलं, इतरांच्या स्वातंत्र्याची सुरुवात काही त्यातून झाली नाही. बोचरं आहे आणि बरंचसं खरं आहे. एपिक्टेटसला वर्गात कोणीतरी हेच प्रिस्कसबद्दल विचारलं, एकट्याने त्याने काय साधलं? त्याचं उत्तर असं की झग्यावरचा जांभळा काठ झग्याला काय देतो? तो जांभळा असतो, उठून दिसतो, बाकीच्या कापडाला चांगला नमुना होतो. आता यावर टॅसिटसचं समाधान झालं असतं असं मला वाटत नाही. माझंही अर्धंच होतं. तुमच्या नकाराने जिल्ह्यातले रस्ते जाड होणार नाहीत. एका रस्त्याच्या कागदावर खरं माप राहील, बस.

आईंचा प्रश्न मोठा आहे. स्टोइक म्हणजे काळजावर दगड ठेवलेला माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी एपिक्टेटस वाचलेला नसतो. पुतळ्यासारखं कोरडं राहू नका, मुलगा, भाऊ, बाप, नागरिक म्हणून असलेली नाती सांभाळा, असं तो बजावतो. त्याच्याकडे एक सरकारी अधिकारी आला होता. म्हणाला, माझी मुलगी आजारी पडली तेव्हा मला तिच्याजवळ बसवेना, मी घरातून निघून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हा परतलो. बापाच्या मायेने असं होणारच. एपिक्टेटस त्याला सोडत नाही. तिच्या आईचीही माया होती, मग तिनेही निघून जायला हवं होतं? दाईनेही? तू आजारी असताना तुझ्यावर माया असणाऱ्यांनी तुला असंच एकटं टाकलेलं चालेल? शेवटी त्या गृहस्थाला कबूल करावं लागतं की त्याला पळवलं ते मायेने नव्हे, त्याच्या स्वतःच्या ठरवण्याने.

तुमचं उलट आहे, तुम्ही आईजवळ राहण्यासाठी धडपडताय. आई जवळ असणं, तब्येत, पगार या गोष्टी स्टोइकसुद्धा पसंत करतात. मिळवाव्यात, राखाव्यात, त्यांच्यासाठी खटपट करावी. फक्त त्यांच्यासाठी स्वतःला खोटं पाडायचं नाही. पण आईचं नाव त्या एमबीच्या पानाला जोडताना एकदा तपासा. आईंचं डायलिसिस बंद पडेल ही भीती आहे, की साहेबांच्या केबिनमध्ये नाही म्हणायची? दोन्ही खऱ्या असतील. पण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या भीतीचा उपाय कागद-पेन घेऊन करा. येऊ शकणाऱ्या संकटाकडे आधीच डोळे उघडून बघायचं, हा स्टोइकांचा जुना सराव. "दुसरं टोक" म्हणजे नक्की कुठले तालुके? तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसचं यंत्र आहे का, पाळी मिळते का, एक फोन करून विचारा. आता बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ही सोय असते. आई इथेच राहिली तर नेण्या-आणण्याचं कोण बघेल? आईच्या आजाराचं कारण देऊन बदलीबाबत विनंती अर्ज करता येतो, तो बदली व्हायच्या आधी करून ठेवा, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. हे सगळं लिहिल्यावर कदाचित कळेल की बदली म्हणजे त्रास आहे, खर्च आहे, ओढाताण आहे. सर्वनाश नाही. कदाचित उलटही कळेल. मग मला पुन्हा लिहा, आपण त्यावर बोलू.

हे करायच्या आधी बायकोला सांगा. तिच्या जिवावर तुम्ही परस्पर शौर्यही गाजवू नका आणि परस्पर शरणही जाऊ नका. बदली झाली तर ओझं तिच्यावर पडणार आहे, आणि डायलिसिसच्या वाऱ्या तीही करत असणारच.

साहेबांपुढे कसं जायचं? इथे प्रिस्कस कामाला येतो. तोवर तो हद्दपारीतून परतला होता. वेस्पासियन बादशहाने त्याला निरोप धाडला, सिनेटला येऊ नकोस. तो म्हणाला, मला सदस्य न ठेवणं तुमच्या हातात आहे, पण आहे तोवर मला यावंच लागेल. बरं, ये, पण गप्प बस. माझं मत विचारू नका, गप्प बसतो. पण मला विचारावं लागेल. मग मला जे योग्य वाटतं ते सांगावं लागेल. सांगितलंस तर ठार करीन. मी अमर आहे असं कधी म्हणालो? तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करतो. वेस्पासियनने आपलं काम केलं, प्रिस्कस मारला गेला. तुमच्या साहेबांच्या हातात एवढं काही नाही, ही त्यातली जमेची बाजू.

या संवादात शिवी नाही, नैतिक प्रवचन नाही, साहेबाला सुधारायचा आवेशही नाही. तुम्हीही तसंच करा. ठेकेदाराच्या माणसासमोर पुन्हा मापं घ्या. जमलं तर कोअर (रस्त्यात भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नमुना) काढून घ्या. एमबीत जे भरलं तेच शाईने चढवा आणि जेवढं काम झालंय तेवढ्याचंच बिल तयार करा. सोबत दोन ओळींचं साधं टिपण द्या, जाडी कमी आढळली, पुढील आदेश व्हावेत. साहेबांना म्हणा, "सर, मला एवढं भरलं, तेवढं मी लिहिलंय. टेस्ट चेक तुमचा आहे. तुम्हाला १५ भरलं तर तुम्ही तुमच्या सहीने लिहा." (टेस्ट चेक म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने मापं पुन्हा तपासणं.) आवाज चढवू नका. टिपणाची पोच घ्या आणि कोणाला न दाखवता घरी ठेवा. वर्तमानपत्राला फोन, संघटनेकडे तक्रार हे सगळं नंतर, गरज पडली तर.

मागच्या मार्चची सही. साहेबांनी तिचा बरोबर उपयोग केला. एकदा लिहिलंस ना, मग आता कुठल्या तोंडाने? एपिक्टेटसकडे एक जण आला होता, लाजलज्जा सोडून बसलेला, आता आपलं काही होत नाही म्हणणारा. त्याला तो आखाड्यातल्या वस्तादाचा दाखला देतो. पोरगं चीत झालं की वस्ताद म्हणतो, ऊठ, पुन्हा लढ, जोर येईपर्यंत लढ. आणि सांगतो की माणसाच्या मनाइतकं वळणारं दुसरं काही नाही, ठरवलं की झालं. डुलकी लागली की गेलं, हेही लगेच सांगतो. तेव्हा मागच्या सहीबद्दल रात्री कपाळ बडवून घेऊ नका. त्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू असेल तर जाऊन बघा, जिथे तडे गेलेत तिथली दुरुस्ती ठेकेदाराकडून लेखी मागून करून घ्या. झोप येण्यासाठी याहून चांगलं औषध मला माहीत नाही.

संतापाचं आता थोडक्यात. एपिक्टेटसने देवांजवळ लोखंडी दिवा ठेवला होता. रात्री खिडकीशी आवाज झाला, धावत गेला, तर दिवा गायब. म्हणाला, उद्या मातीचा आणू. चोर जागं राहण्यात माझ्याहून सरस निघाला, पण त्याने दिवा महागात घेतला. एका दिव्यासाठी चोर झाला. तुमचा ठेकेदार चार सेंटीमीटरसाठी जे झाला त्याचा हेवा करण्यासारखं काही नाही, आणि ज्याचा हेवा नाही त्याचा एवढा संताप कशाला? साहेबांनाही कोणीतरी वरून फोन केलेला असणार. तेही आपापल्या भांड्यापाशी उभे आहेत. कीव करायची तर करा, पण केबिनमध्ये ती चेहऱ्यावर दिसू देऊ नका, माणसं रागापेक्षा किवेने जास्त चिडतात. (त्या मातीच्या दिव्याचं पुढे काय झालं माहीत आहे? एपिक्टेटसच्या मृत्यूनंतर कोणा हौशी माणसाने तो तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. उजेडात वाचलं की शहाणपण येईल म्हणून. लुशियन या विनोदी लेखकाने त्याची यथेच्छ टर उडवली आहे.)

राहिलं पुस्तक. झोपताना मार्कस ऑरेलियस, म्हणजे स्टोइक विचारांचा रोमन बादशहा, वाचायला हरकत नाही, त्याच्या नोंदी छोट्या आहेत, दोन-तीन झाल्या की डोळे मिटतात. पण हा आठवडा काहीच वाचू नका असं मी म्हणेन. क्रिसिपसचा, म्हणजे एका जुन्या स्टोइक आचार्याचा, ग्रंथ मी कसा पालथा घातलाय बघा, म्हणणाऱ्याला एपिक्टेटस म्हणाला होता की पहिलवानाला दंड दाखव म्हटलं आणि तो वजनंच दाखवू लागला तर काय करायचं? तुमची मार्चएंडची धावपळ संपली की एपिक्टेटसच्या प्रवचनांच्या पहिल्या भागातलं दुसरं प्रवचन काढा. भांडं, अग्रिपिनस आणि प्रिस्कस तिथेच एकत्र भेटतील.

काय झालं ते कळवा, कसंही झालं तरी. आईंना माझा नमस्कार सांगा.

– ताई